शेवटचे दोनशे फूट

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पाण्याची नावे फार आणि पाणी थोडे. गांधी मैदानाच्या जागी कधीकाळी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. तळे बुजले, पण वरुणतीर्थ वेस हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. पेटाळ्याची कथा तीच. पेठेबाहेर पडून मंडईकडे निघालात तर कपिलतीर्थ लागते, तिथे आता भाजी विकतात. शाहू स्टेडियमवर जिथे आमची पोरे फुटबॉलसाठी जीव टाकतात, ते रावणेश्वराचे तळे होते. मंगळवार पेठेत तर एका ठिकाणाचे नावच 'पाण्याचा खजिना' आहे. ज्या गावाने पाण्याला खजिना म्हटले, त्या गावाला पाण्याची किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल? तळी बुजवली कारण नळ आला. नळ आल्यावर तळ्याचे काय काम, असे त्या वेळच्या शहाण्या माणसांना वाटले असावे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पटकीच्या साथी ज्यांनी पाहिल्या त्यांना बंद नळातले पाणी हे देवाघरचे देणे वाटले तर नवल नव्हते.

नळ म्हणजे शुद्ध पाणी, हे समीकरण आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्के बसले आहे. विहिरीचे पाणी गाळून, उकळून घ्यायचे. नळाचे थेट तांब्यात. आज मात्र पेठेतल्या कोणत्याही घरात जा. पाहुण्यापुढे पेला ठेवताना घरची गृहिणी हमखास एक वाक्य जोडते, "फिल्टरचं आहे हं." हे वाक्य तीस वर्षांपूर्वी कोणी उच्चारत नव्हते. आदरातिथ्यात या खुलाशाची गरज कधी आणि का पडली, याचा विचार आपण केला पाहिजे. कारण नळावरचा विश्वास उडाला आहे हे त्या तीन शब्दांत मावले आहे, आणि विश्वास उडणे म्हणजे काय असते हे माझ्यासारख्या बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. बँक बुडते ती तिजोरी रिकामी झाल्यावर नव्हे. खातेदार रांगेत येऊन उभे राहिले की बुडते.

कोल्हापूरच्या पाण्याची गोष्ट ही खरे तर दूरदृष्टीची गोष्ट आहे. कात्यायनीच्या डोंगराकडचे पाणी शहरात आणण्याची खटपट जुनी. एकोणिसाव्या शतकात कळंब्याचा तलाव झाला तोही शहराची तहान डोळ्यांपुढे ठेवून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचा घाट घातला. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते काम अपुरे होते. ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. पण त्या धरणामुळे भोगावती आणि पुढे पंचगंगा बारमाही झाली, आणि तिच्याच जोरावर शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथल्या उपशांवर शहराने पुढची कित्येक दशके काढली. पुढे नदीचे पाणी बिघडत चालले तशी नवी मागणी उभी राहिली: दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट बंद नळाने पाणी आणा. या मागणीसाठी मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. डिसेंबर २०१३ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली आणि चारशे कोटींहून अधिक रुपये व दहा वर्षे खर्ची पडल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर पन्नास किलोमीटरहून लांबचे ते पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात येऊन पडले. गावाने आनंद केला. करायलाच हवा होता.

पण आनंदाच्या भरात आपण एक हिशेब मांडायचा विसरलो. पन्नास किलोमीटरचा नळ नवा झाला, शेवटचे दोनशे फूट जुनेच राहिले.

हे दोनशे फूट म्हणजे तुमच्या बोळातली वाहिनी, तिच्यातून फुटलेली घरजोडणी आणि दारापुढच्या गटारीतून गेलेला तो गंजका तुकडा. जुन्या पेठांच्या बोळांत जमिनीखाली काय दडले आहे ते एकदा खोदकाम चालू असताना वाकून पाहावे. पाण्याचा नळ, सांडपाण्याचा नळ, टेलिफोनची तार, विजेची तार, सगळे एका हाताच्या अंतरावर, एकत्र कुटुंबातल्या भावंडांसारखे एकमेकांना चिकटून झोपलेले. काही ठिकाणी तर घरजोडणी उघड्या गटारीच्या पाण्यातून गेलेली. कोणी म्हणेल, गेली तर गेली, नळाच्या आत पाणी दाबाने वाहते, बाहेरची घाण आत शिरेल कशी?

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. पाणी दाबाने वाहते ते सुटलेले असताना. आपल्याकडे ते दिवसातून काही तास सुटते, कुठे दिवसाआड. बाकीचा वेळ नळ रिकामा असतो. रिकाम्या नळात दाब नसतो. उलट उताराकडचे पाणी निघून जाताना आत पोकळी होते आणि जिथे चीर असेल, सांधा ढिला असेल, तिथून भोवतालचा ओलावा आत ओढला जातो. भोवतालचा ओलावा म्हणजे कसला, ते गटारीकडे बघून ओळखावे. त्यात आपण भर घालतो मोटारींची. पाणी सुटले की घरोघरी नळाला थेट मोटार लागते आणि प्रत्येकजण आपल्याकडे खेचू लागतो. ज्याची मोटार मोठी त्याची टाकी आधी भरते आणि बोळाच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. ती मोटार शेजाऱ्याच्या वाटणीचे पाणी ओढते हे आपल्याला माहीत असते. ती गटारातलेही ओढते, हे मात्र ध्यानात येत नाही.

हा माझ्या मनचा तर्क नव्हे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात झाली आणि बाकीच्यांना पूर्वीसारखेच अधूनमधून मिळत राहिले. पाणी तेच, शुद्धीकरण तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे पाणी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांत मैल्याची खूण सांगणारे जंतू कितीतरी अधिक वेळा सापडले. म्हणजे दोष उगमाचा नव्हता, मधल्या वाटेचा आणि मधल्या रिकाम्या वेळेचा होता. सकाळी पहिल्यांदा नळ सुटतो तेव्हा येणारे गढूळ पाणी आपण बादलीभर सोडून देतो. आई, आजी सोडत आल्या म्हणून आपणही सोडतो. रात्रभर नळाने काय पोटात घेतले त्याची ती पहिली कबुली असते.

पाण्यातून काय घडू शकते याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या राजधानीचे आहे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची साथ आली आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतून उलटे वझिराबादच्या उपशापर्यंत पोचले होते. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की शुद्धीकरण केंद्र चालूच होते, औषध टाकले जातच होते. टायफॉइड, हगवणीचे जंतू बहुतांशी मेले, काविळीचा विषाणू मात्र निसटला. पाण्याला घाणीने गाठण्याआधीच वाचवावे लागते, मागाहून औषधाने सारे निभावत नाही, हा त्या साथीचा धडा होता. तो धडा आपल्या जिल्ह्याला पुन्हा गिरवावा लागला. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ पसरली. हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. तिकडच्या यंत्रमागांवर पाळीत काम करणारा माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला म्हणजे त्या घराचे काय होते, ते सहकारी पतपेढ्यांच्या थकबाकीच्या यादीत वाचता येते. आजार पाण्यातून आला तरी त्याची नोंद कर्जाच्या खात्यात होते.

या सगळ्यावर आपण मध्यमवर्गीयांनी शोधलेला उपाय म्हणजे भिंतीवरचे यंत्र. घरात आरओ बसवला की आपले कर्तव्य संपले. या यंत्राविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे आपल्या नद्यांतले पाणी मुळात मऊ आहे, त्यात क्षार फार नाहीत. आरओचे मुख्य काम क्षार काढण्याचे. जे यंत्र खाऱ्या बोअरच्या पाण्यासाठी आहे ते आपण दूधगंगेच्या गोड पाण्याला लावतो आणि पेलाभर शुद्ध करण्यासाठी त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली, ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे असली यंत्रे नकोत, असे म्हटले ते उगाच नव्हे. आपली अडचण क्षारांची नाही, जंतूंची आहे. आणि जंतूंना खळखळून उकळी पुरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याने यंत्र घेतले तो सभेला येईनासा झाला. पूर्वी बोळात गढूळ पाणी आले की वकील, मास्तर, दुकानदार, हमाल सगळे मिळून महापालिकेत जात आणि अधिकाऱ्यापुढे बाटली आदळत. आता वकिलाच्या घरी फिल्टर आहे, दुकानदाराकडे वीस लिटरचा जार येतो. बाटली घेऊन जायला उरले कोण? ज्यांच्याकडे वेळ नाही, ओळख नाही आणि इंग्रजी अर्जही नाही, ते.

जाराचे म्हणाल तर तो एक स्वतंत्र विनोद आहे. सीलबंद बाटलीला परवाना लागतो, २०२४ पर्यंत मानांकनाचा शिक्काही सक्तीने लागत असे. सुटा जार कुठे भरला, कसल्या पाण्याने धुतला, हे कोणी विचारत नाही. पाणी गार आहे एवढ्यावर आपण खूष. गार आणि शुद्ध हे दोन वेगळे शब्द आहेत, हे लग्नाच्या हंगामात कार्यालयांतून जेवून आल्यावर कित्येकांना दुसऱ्या दिवशी उमगते.

आणि आता जे सांगायचे आहे ते आपल्याला जरा टोचेल. कोल्हापूर नदीचे पाणी वरच्या अंगाला पीत आले आणि सांडपाणी खालच्या अंगाला सोडत आले. जयंती नाला, दुधाळी नाला ही नावे आपल्याला पाठ आहेत. कसबा बावड्याला दररोज ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळीला १ कोटी ७० लाख लिटर सांडपाणी स्वच्छ करण्याच्या क्षमतेची केंद्रे उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. पण नाला भरून वाहिला, पंप बंद पडला, पावसाने बांध ओलांडला अशा बातम्या दरवर्षी येतच राहतात. पंचगंगेत मेलेले मासे तरंगल्याच्या बातमीचेही आता कोणाला काही वाटत नाही. प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नदीकाठचे साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, खुद्द इचलकरंजीतले कापड रंगवण्याचे उद्योग, हे सारेच या पापाचे वाटेकरी आहेत. एकट्या कोल्हापूरवर खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. पण वाटेकरी पुष्कळ आहेत म्हणून आपला वाटा माफ होत नाही. संयुक्त कर्जात प्रत्येक सहीदार पूर्ण कर्जाला जबाबदार असतो, हे बँकेत आम्ही जामीनदाराला सही घेण्यापूर्वी सांगत असू. तो तेव्हा हसून मान डोलावी आणि नोटीस आली की रडे.

खालच्या गावाचे हाल बघा. पंचगंगेचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून इचलकरंजीने कृष्णेकडे हात पसरला. तेही पुरेना म्हणून वारणेचे पाणी मागितले. २०१८ च्या सुमारास दानोळीच्या गावकऱ्यांनी ठाम विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडहून पाणी आणण्याची योजना पुढे आली. तिला कागल आणि दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. आता क्षणभर थांबून हे चित्र पाहा. आपण, म्हणजे कोल्हापूरकर, दूधगंगेचे पाणी बंद नळातून आणून पितो. ते वापरून झाले की पंचगंगेत सोडतो. पंचगंगा बिघडली म्हणून खालचे गाव दूधगंगेचे पाणी मागते, तर त्याला ते मिळत नाही. त्या काठच्या शेतकऱ्याचा राग मला कळतो. उद्या आपल्या शेताचे पाणी कमी पडेल ही त्याची भीती खोटी नाही. पण या भांडणाच्या मुळाशी जी नदी आहे ती आपल्या दारातून जाते, आणि त्या भांडणात आपण कुठेच नाही. आपण प्रेक्षकांत बसलो आहोत.

थेट पाइपलाइनचा मला वाटणारा मोठा धोका हाच आहे. काल नदीत घाण दिसली तर उद्या ती आपल्या हंड्यात येईल या भीतीने तरी गाव ओरडत होते. आता नदी आणि हंडा यांची फारकत झाली. नदी बिघडली तर बिघडू दे, आपले पाणी काळम्मावाडीचे! हा विचार उघडपणे कोणी बोलणार नाही, पण तो हळूच घर करील. शिवाय एकाच नळावर गाव लटकवण्याची जोखीम आहेच. थेट योजनेचा पंप बिघडला की शहरात टँकर फिरतात आणि बायामाणसे घागरी घेऊन रस्त्यावर उतरतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. धोक्याची पातळी तिथे ४३ फुटांची आहे. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहर प्यायच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस टँकरकडे डोळे लावून बसले. तेव्हा जुन्या विहिरी आणि बोअर आठवले. शहाणा माणूस सगळी ठेव एका बँकेत ठेवत नाही. नदी, कळंबा, विहिरी, ही आपली दुसरी-तिसरी खाती आहेत. ती बंद करू नयेत.

मग करायचे काय? नुसती हळहळ व्यक्त करून लेख संपवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. माझा पिंड हिशेबाचा, म्हणून तीन रोकड्या सूचना करतो.

पहिली सूचना रोजच्या ताळेबंदाची. बँकेत रोज संध्याकाळी रोकड मोजली जाते. एका रुपयाचा फरक आला तरी रोखपाल घरी जात नाही. पाण्याचीही अशी मोजणी शक्य आहे आणि ती अवघड नाही. नळाच्या पाण्यात ते घरात पोचेपर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. तो आहे की नाही हे छोट्या नळीत औषधाचे थेंब टाकून मिनिटभरात कळते. पाणी पिवळसर झाले की क्लोरिन आहे. गावोगावचे आरोग्यसेवक ही चाचणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. क्लोरिन शिल्लक असणे म्हणजे वाटेत घाण शिरली तरी तिच्याशी लढायला शिपाई जिवंत आहे. तो शून्यावर आला म्हणजे वाटेत कुठेतरी लढाई होऊन शिपाई पडला. आपल्याला पाण्याला औषधाचा वास आला की आपण नाके मुरडतो. खरी काळजी तो वास अजिबात नसेल तेव्हा करावी. दुसरी कसोटी प्रयोगशाळेची: १०० मिलिलिटर पाण्यात मैल्याचा ई. कोलाय जंतू एकही सापडता कामा नये.

या चाचण्या मुळीच होत नाहीत असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या जिथे व्हायला हव्यात तिथे, म्हणजे बोळाच्या टोकाच्या शेवटच्या नळावर, व्हाव्यात आणि निकाल लोकांपुढे यावा. आमच्या पेठेत पावलागणिक तालीम आहे आणि तालमीपुढे फळा आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, फुटबॉलचा निकाल असतो, कोणाच्या तरी निधनाची वार्ता असते. त्याच फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक आकडा लिहावा: आजचा क्लोरिन. महापालिकेच्या माणसाने येऊन चाचणी करावी आणि तालमीच्या दोन पोरांनी शेजारी उभे राहून पाहावी. आकडा शून्य असेल तर तोही लिहावा आणि खाली लिहावे, 'आज पाणी उकळून प्या.' याला खर्च किती? खडूचा.

यावर अधिकारी मंडळी म्हणतील, लोक घाबरतील. हे उत्तर मी बँकेतही ऐकले आहे. थकीत कर्जाचा खरा आकडा जाहीर केला तर ठेवीदार घाबरतील, असे एके काळी भलेभले सांगत. ज्यांनी आकडे लपवले त्यांचे ठेवीदार घाबरले नाहीत, ते एके दिवशी थेट बुडाले. लोक आकड्याला घाबरत नाहीत. आकडा दडवला जातो आहे अशी शंका आली की घाबरतात. एरवी फिल्टरचे यंत्र घराघरांत कशाला गेले असते?

दुसरी सूचना पैशाची, आणि ती ऐकायला कडू आहे. बोळातल्या जुन्या वाहिन्या बदलायच्या, गळत्या शोधायच्या, चोवीस तास दाब ठेवायचा, तर पैसा लागणार. तो फुकट पाण्यातून येणार नाही. आपल्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळचे मलकापूर हे लहान गाव. त्याने दीड दशकापूर्वी घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना चालवून दाखवली. ज्याने जितके वापरले त्याने तितके भरावे. नळाला कायम पाणी असल्यावर साठवण्याची हाव सुटते, मोटारीची गरज राहत नाही आणि रिकाम्या नळात घाण शिरण्याची वाटही बंद होते. ओरिसात पुरीसारख्या यात्रेच्या शहराने २०२१ साली नळाचे पाणी चोवीस तास आणि थेट पिण्याजोगे देण्याचे ठरवले. जगन्नाथाच्या गावाला जे जमते ते अंबाबाईच्या गावाला का जमू नये? गरिबाला ठरावीक पाणी स्वस्त द्यावे, अगदी नाममात्र दराने द्यावे. पण गाडी धुणाऱ्याने आणि हंडाभर पाणी नेणाऱ्याने सारखीच पट्टी भरणे यात कसली समता? जे कुटुंब जारापायी महिन्याला चारपाचशे रुपये मोजते तेच पाणीपट्टी पन्नासने वाढली तर मोर्चाला येते. आपण पाण्याचे पैसे आजही देतोच आहोत. फक्त ते नळाला न देता जारवाल्याला देतो.

तिसरी सूचना लोकप्रतिनिधींसाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात पाणी गढूळ आले तर बाटली कोणाच्या टेबलावर आदळायची हाच प्रश्न होता. मत मागायला जो दारात येईल त्याला रस्ता, गटर, सभागृह याआधी एक विचारावे: माझ्या बोळातली पाण्याची वाहिनी किती सालची आहे आणि ती तुम्ही कधी बदलणार? उत्तरात वर्ष सांगितले तर लिहून ठेवावे. थेट पाइपलाइनचे उद्‌घाटन करायला पुढारी मिळतो, कारण पन्नास किलोमीटरच्या नळाला फीत बांधता येते. दोनशे फुटांच्या नळाला फीत बांधता येत नाही, तो जमिनीखाली असतो आणि त्याचे छायाचित्र येत नाही. म्हणूनच तो राहून जातो.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि सगळे बोट एका हातपंपाकडे जाते हे दाखवले. त्या पंपाचा दांडाही काढण्यात आला. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी त्या माणसाची पद्धत जुनी झालेली नाही. कुठल्या बोळात जुलाब, कुठल्या बोळात कावीळ, कुठे गढूळ पाणी, हे पेठेतल्या प्रत्येक डॉक्टराला, प्रत्येक औषधाच्या दुकानदाराला आणि चावी सोडायला येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असते. ते एका कागदावर कोणी मांडत नाही, इतकेच. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसांची दुःखे सुटी सुटी दिसतात आणि ती तो तशीच सांगतो. गाव चालवणाऱ्याने ती जोडून पाहायची असतात.

नळकोंडाळी बंद झाली आणि पाणी घराघरांत गेले, हे चांगलेच झाले. हंड्याच्या रांगा आणि त्या रांगांतली भांडणे यांची आठवण काढून गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही. त्या रांगांत बायकाच उभ्या असत. पण नळकोंडाळ्यावर गढूळ पाणी आले तर ते सगळ्यांना एकदम दिसे आणि सगळे एकदम बोलत. आज प्रत्येकाचा नळ वेगळा, टाकी वेगळी, फिल्टर वेगळा आणि गप्प बसणेही वेगवेगळे. जमिनीखालची वाहिनी मात्र अजून एकच आहे. वकिलाच्या आणि हमालाच्या घरात ती तेच पाणी नेते, आणि त्यांचे वापरलेले पाणी पुढे इचलकरंजीच्या विणकराकडे जाते. फळ्यावर आकडा लिहायचा तो या तिघांसाठीही लिहायचा आहे.